वर भाडेकरू, खाली आम्ही: ऑनलाइन भाडेकरार सर्व्हिसचा पहिल्या ११ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, ज्यांनी आमचं अॅग्रीमेंट करून दिलं त्यांचं नाव टाकत नाहीये, कारण असं काम करणारे आता प्रत्येक भागात आहेत. हा रिव्ह्यू आहे तो ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा करार) रजिस्ट्रेशनचा, म्हणजे माणूस मशीन घेऊन घरी येतो, अंगठे घेतो, फोटो काढतो आणि रजिस्टर झालेला करार मोबाईलवर येतो ते. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा घरमालक झालो आणि तेही स्वतः त्याच घरात राहून, त्यामुळे जे फ्लॅट भाड्याने देतात आणि स्वतः दुसरीकडे राहतात त्यांच्यापेक्षा आमचे प्रश्न वेगळे होते. कोणाला उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, लांबलंय, पण वाचा.

आमचं रो हाऊस आहे सिंहगड रोडला. बिल्डरच्या कागदावर ड्युप्लेक्स लिहिलंय. खाली हॉल, किचन, एक बेडरूम आणि वर दोन खोल्या, छोटं किचन, बाथरूम, मध्ये आतून जिना. बाहेरून गच्चीवर जायला लोखंडी जिना आहे तो मध्ये पहिल्या मजल्यावरही थांबतो म्हणून हे सगळं जमलं. वर दीर-जाऊ राहायचे, त्यांची नागपूरला बदली झाली आणि वर्षभर वरचा मजला नुसता बंद होता, दर शनिवारी मी जाऊन झाडून यायचे. घर सासूबाईंच्या आणि माझ्या मिस्टरांच्या नावावर आहे. आईंना भाडेकरू नको होते, त्यांचं म्हणणं एकच, डोक्यावर परकी माणसं चालणार आणि आपण खाली गप्प बसायचं का. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती, फक्त मी बोलून दाखवत नव्हते.

सगळ्यात आधी आतल्या जिन्याचं काय करायचं हा प्रश्न आला. जिन्याच्या वरच्या टोकाला दार बसवायचं ठरलं, सुतार आले, माप घेतलं आणि विचारलं, ताई कडी कुठल्या बाजूला? मी आणि मिस्टर एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या बाजूने लावली तर आम्हाला हवं तेव्हा वर जाता येईल, मग त्या लोकांना ते घर आपलं कसं वाटेल, आणि फक्त त्यांच्या बाजूने लावली तर आईंना रात्री झोप लागणार नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी कडी लावली, म्हणजे दोघांनी उघडली तरच दार उघडेल. अॅग्रीमेंट म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं असं मी म्हणेन, कागद नंतर झाला.

आता कागदाचं. शेजारपाजारच्यांनी सांगितलं की ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करा, सगळे तेच करतात, रजिस्टर कशाला. कृपया हे ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उद्या वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरतात, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. ११ महिन्यांचा करार असेल तर रजिस्टर करावा लागत नाही असंही बरेच जण सांगतात. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला रजिस्ट्रेशन लागत नाही हा जो जुना नियम आहे त्यातून ही समजूत आलीय, महाराष्ट्रात मात्र ती चालत नाही, ११ महिन्यांचा असला तरी रजिस्टर करायचाच. आणि रजिस्टर असेल तर कलम २४ चा आधार मिळतो, मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेवढ्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने मागता येते. देव करो आणि कोणावर वेळ न येवो, पण आईंना हे समजावून सांगितल्यावरच त्या तयार झाल्या.

पहिला जो एजंट आला त्याच्याबद्दल लिहिलं पाहिजे. फोनवर छान बोलला, आधार, पॅन, लाईट बिल, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा) व्हॉट्सअॅपवर मागवलं आणि दोन तासात ड्राफ्ट पाठवला. मला इतकं बरं वाटलं की झालं एवढ्यात! मग रात्री जेवणं आवरल्यावर चष्मा लावून ओळ न ओळ वाचायला बसले. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स मालकाने भरायचा असं होतं, आमच्याकडे सोसायटीच नाही. लिफ्ट होती. मजल्याच्या जागी तळमजला लिहिलं होतं, म्हणजे त्या कागदाने आम्ही आमचं राहतं घर भाड्याने देत होतो आणि वरचा मजला कुठेच नव्हता. मी फोन केला तर म्हणाला मॅडम स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळ्यांना हाच चालतो, मजला तेवढा बदलतो. मी म्हणलं बाकीचं पण बदला, तर म्हणाला सिस्टीममध्ये बदलत नाही. हे खरं नाहीये. इतर अटी म्हणून स्वतःची कलमं टाकता येतात, त्याला टाईप करायचा कंटाळा होता. त्याला नको म्हणलं आणि दुसऱ्याकडे गेलो. तुम्ही पण ड्राफ्ट वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, कारण एकदा रजिस्टर झालं की चूक निस्तरायला परत पैसे, परत अंगठे, परत भाडेकरूची सुट्टी.

दुसरे जे आले ते खरंच चांगले होते, तिशीतला मुलगा, पाठीवर सॅक, त्यात लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम. डायनिंग टेबलावर मांडामांड केली आणि आधी ड्राफ्ट मोठ्याने वाचून दाखवला, आईंसाठी मराठीत सांगितला. मिस्टरांचा अंगठा एका फटक्यात लागला. आईंचा लागेना. चाळीस वर्षं भांडी घासलेली, कपडे धुतलेले हात, अंगठ्यावरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. एकदा, दोनदा, पाच वेळा, मशीनचा लाल दिवा लागतो आणि स्क्रीनवर आधार जुळत नाही असं येतं. आईंचा चेहरा उतरला, म्हणाल्या, माझंच घर आणि माझाच हात चालत नाही का रे. त्या मुलाने अजिबात घाई केली नाही, आजी थांबा म्हणाला, ओला रुमाल मागितला, त्यांची बोटं पुसली, परत कोरडी केली, काच पुसली आणि एक एक बोट लावून बघितलं, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. हिरवा दिवा लागल्यावर आई इतक्या हसल्या! घरात वयस्कर मालक असतील तर हे आधीपासून डोक्यात ठेवा, आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे का ते पण बघून ठेवा.

सगळ्यांनी एकाच वेळी एका जागी असायला पाहिजे असं नसतं हे पण मला नव्याने कळलं. भाडेकरूंचे अंगठे आणि फोटो तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या जुन्या रूमवर जाऊन घेऊन आला. साक्षीदार म्हणून शेजारचे काका-काकू आले, चहा झाला, अर्ध्या पाऊण तासात आमच्याकडचं काम संपलं. मग ते सबरजिस्ट्रारकडे ऑनलाइन जातं, तिकडे तपासतात आणि सहीचा पीडीएफ आणि इंडेक्स टू येतो, आमचा तिसऱ्या दिवशी आला. हे सगळं आयजीआर महाराष्ट्रच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर स्वतः पण करता येतं, अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम पाहिजे, पण पहिल्यांदा असेल तर माणूस बोलवा असंच मी सांगेन.

पैशाचं गणित. भाडं १६,००० ठरलं, डिपॉझिट ५०,०००, मुदत ११ महिने. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के असते, ती एकूण भाड्यावर आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्याने जे व्याज धरतात त्यावर. म्हणजे आमचं ११ महिन्यांचं भाडं १,७६,००० आणि डिपॉझिटचं धरलेलं व्याज ४,५८३, त्याचे पाव टक्का ४५१ रुपये होतात, चलन ५०० चं निघालं. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १०००, ग्रामपंचायत हद्दीत असाल तर ५००. शिवाय डॉक्युमेंट हँडलिंगचे थोडे आणि त्या मुलाचा सर्व्हिस चार्ज. आम्ही आणि भाडेकरूंनी निम्मे निम्मे भरले. नोटरीत वाचणाऱ्या हजार बाराशे रुपयांसाठी कोणी जोखीम का घेतं मला कळत नाही.

भाडेकरू कोण ते सांगायचं राहिलं. लातूरकडचं जोडपं आहे, तो बँकेत, ती नर्स आहे, शिफ्ट ड्युटी, महिन्यातले काही दिवस नाईट. पहिल्या दिवशीच आईंना आजी आणि मला ताई म्हणायला लागली. त्यांनी पण विचारलं की ताई अॅग्रीमेंट रजिस्टर आहे ना, आम्हाला गॅसच्या पत्त्याला लागेल आणि ह्यांना एचआरएला, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याला. एचआरएसाठी वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो, त्यामुळे भाडं लपवायचा विचार कोणी करत असेल तर सोडा, आणि मुळात करूच नका. मिळकतीच्या भाड्यावर इन्कम टॅक्स भरताना भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तसं फार काही जात नाही. पुणे महापालिकेची मिळकतकरातली ४० टक्के सवलत मात्र स्वतः राहणाऱ्यांसाठी आहे, भाड्याच्या भागाला ती धरता येत नाही, भाडं ठरवतानाच हे गणितात घ्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते ती आम्ही ऑनलाइन भरली, पंधरा वीस मिनिटं लागली.

आता मुद्द्याचं. ही सर्व्हिस रजिस्ट्रेशन उत्तम करते, पण त्यातला ठरलेला मसुदा हा मालक लांब राहतो असं धरून लिहिलेला आहे. तुम्ही आणि भाडेकरू एकाच छपराखाली असाल तर खरे विषय त्यात एकही नाहीत. पाण्याची मोटर कोण लावणार आणि किती वाजता? गच्चीवर टाकी आहे तिथे कपडे कोणी कुठे वाळत घालायचे, आई उन्हाळ्यात पापड, कुरडया घालतात तेव्हा काय? फाटकाच्या आत एक कार आणि दोन गाड्या मावतात, पाहुणे आले की कोणाची बाहेर? रात्री फाटकाला कुलूप किती वाजता आणि चाव्या किती? आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं आणि ते दोघं, एका रविवारी सकाळी पोहे खात बसलो आणि हे सगळं वहीच्या पानावर लिहून काढलं. त्यांनी पण त्यांचं सांगितलं. तिने सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे ताई मी नाईट करून आले की सकाळी आठ ते दुपारी दोन झोपते, तेवढ्या वेळात कोणी दार वाजवू नका. हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं. ते पान त्या मुलाने जसंच्या तसं इतर अटींमध्ये टाईप केलं, नऊ मुद्दे झाले, आतल्या दाराला दोन कड्या आहेत आणि दोघांच्या संमतीनेच उघडायचं हे सुद्धा त्यात आहे. वस्तूंच्या यादीत पंखे, ट्यूब, गिझर, ओट्याखालची ट्रॉली असं सगळं आम्ही फोटोसकट मोजून घेतलं होतं.

एक मुद्दा मात्र आम्ही नीट लिहिला नाही, लाईट बिल. मीटर एकच आहे, आम्ही वर सबमीटर बसवला आणि अॅग्रीमेंटमध्ये नुसतं लिहिलं की सबमीटरप्रमाणे बिल द्यायचं. पहिल्याच महिन्यात अडलं. महावितरणचा घरगुती दर टप्प्याने वाढतो, १०० युनिटपर्यंत एक, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. आमचे १९० युनिट झाले, त्यांचे १७०, दोघांचे वेगळे मीटर असते तर कोणीच ३०० च्या वर गेलं नसतं, पण एकत्र ३६० झाले आणि वरचे ६० युनिट महागाच्या टप्प्यात गेले. आणि स्वस्तातले पहिले १०० दोघांना मिळून एकदाच मिळाले. मग ते महाग ६० कोणाचे? मिस्टर म्हणाले त्यांचे, कारण आपण आधीपासून आहोत. मला ते बरोबर वाटलं नाही, आमच्यात यावरून दोन दिवस बोलणं झालं. शेवटी एकूण बिल भागिले एकूण युनिट करून जो दर येईल त्याने ज्याचे त्याचे युनिट असं ठरलं आणि दर महिन्याच्या एक तारखेला भाडेकरू सबमीटरचा फोटो ग्रुपवर टाकतो. तुम्हाला शक्य असेल तर वरच्यासाठी वेगळा मीटरच घ्या, नाहीतर हे सूत्र आधीच करारात लिहा.

जुलैमध्ये देवघराच्या वर छताला ओल आली. आधी रुपयाएवढा डाग, आठ दिवसांत ताटाएवढा, आणि मग आईंच्या निरांजनात टप टप थेंब. वरच्या बाथरूमच्या नहाणीचा जोड गेला होता. मी तशीच बाहेरच्या जिन्याने वर गेले आणि दार वाजवलं, सकाळचे अकरा वाजले होते. तिने दार उघडलं, डोळे लाल, रात्रभर ड्युटी करून तीन तास पण झोप झाली नव्हती. ती काही बोलली नाही, या ना ताई म्हणाली, पण मला इतकं वाईट वाटलं. सही केलेल्या कागदावर आठ ते दोन लिहिलंय आणि पहिला तो मोडला मीच. माझं घर आहे ही भावना इतकी खोल असते की हात आपोआप दारावर जातो. त्या दिवशी संध्याकाळी मी परत जाऊन तिची माफी मागितली आणि तेव्हापासून वर जायच्या आधी मेसेज टाकते, अगदी डबा द्यायचा असला तरी. प्लंबर दुसऱ्या दिवशी अडीचला बोलावला, खर्च आमचा, कारण जोड जुना होता, त्यांच्या वापराने काही झालं नव्हतं. चार दिवस वरचं बाथरूम बंद होतं तेव्हा ते दोघं आंघोळीला खाली आमच्याकडे येत होते, आणि त्यासाठी ते आतलं दार पहिल्यांदा उघडलं, दोन्ही कड्या काढून.

आवाजाचं म्हणाल तर होतो, खोटं कशाला बोलू. खुर्ची सरकते, रात्री नळ सोडला की पाईपमधून खळखळ येते, रविवारी सकाळी खलबत्त्यात काहीतरी कुटतात ते बरोबर आमच्या पलंगावर. खुर्च्यांना रबराच्या टोप्या लावून दिल्या, खलबत्त्याखाली तिने गोधडीचा तुकडा घातला. आमचा टीव्ही मोठा असतो हे त्यांनी सांगितल्यावर आम्हाला समजलं.

गेल्या महिन्यात ११ महिने संपले आणि आम्ही त्याच मुलाकडून पुन्हा करार केला, यावेळी २४ महिन्यांचा, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दुसऱ्या वर्षी भाड्यात पाच टक्के वाढ, ते आधीच लिहून टाकलं. इतर अटी नवाच्या तेरा झाल्या. बिलाचं सूत्र आलं, जुनी गळती आणि जोड मालकाचे हे आलं, दुरुस्तीसाठी यायचं तर आदल्या दिवशी कळवायचं हे आलं, आणि मोटर जी आम्ही सकाळी साडेआठला लावायचो ती आता सातच्या आत लावतो, कारण मोटर तिच्या बेडरूमच्या भिंतीला लागून आहे.

रेटिंग द्यायचं तर रजिस्ट्रेशन आणि घरी येऊन करून देण्याला पाचपैकी पाच, ठराविक मसुद्याला दोन. अंगठ्यासाठी यावेळी तिने आईंना आदल्या रात्री बोटांना खोबरेल तेल चोळून झोपायला सांगितलं होतं आणि सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून पुसून घेतले. दुसऱ्याच प्रयत्नात लागला, आणि तोही अंगठा.